गळ, गरी आणि जिताडा : दिवेआगरच्या किनाऱ्यावरील एका उपेक्षित विद्येची हकीकत

आमच्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकांतून जंजिऱ्याविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. राजपुरीच्या खाडीतील बेटावर मेढेकोट उभारणारे राम पाटील, १४९० च्या सुमारास कपटाने तो कोट बळकावणारा पिरमखान, आंग्र्यांच्या आरमारातील आपले पूर्वज, यांपैकी एखाद्या विषयावर लेख आला नाही असे वर्ष विरळा. ते योग्यच आहे. परंतु ज्या साधनाने आपल्या कित्येक घरांतील चुली पावसाळ्याच्या चार महिन्यांत पेटत्या राहिल्या, त्या बोटभर लोखंडी आकड्याविषयी एक ओळही कोणी लिहिली नाही. डोल, रापण, पाग या जाळ्यांची नावे तरी कोठे कोठे येतात. गळाचे येत नाही. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ज्याच्या दारी होडी व जाळे तो नाखवा, आणि ज्याच्या हाती नुसता गळ तो गरीब, अशी आपल्यातच समजूत होती. गरिबीच्या साधनाचा इतिहास लिहिण्याची हौस कोणास असणार? प्रस्तुत लेखात तो लिहिण्याचा आमचा यत्न आहे, आणि तो लिहिताना एका माशाचे बोट धरून आम्ही चालणार आहोत. तो मासा म्हणजे जिताडा होय.

जिताड्याची ओळख आमच्या वाचकांस करून देणे म्हणजे दिवेआगरकरास सुपारी म्हणजे काय ते सांगण्यासारखे आहे. तथापि मुंबईस वा त्याहून दूर वाढलेली आपली मुलेही ही स्मरणिका वाचतात, म्हणून थोडे सांगतो. यास गोमंतकात चोणक म्हणतात, बंगाल्यात भेटकी, तामिळ मुलुखात कोडुवा, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी. हे अखेरचे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा असा त्याचा अर्थ सांगतात. शास्त्रीय नाव ‘लेट्स कॅल्कॅरिफर’. बर्लिनचे वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९० साली या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा ‘कॅल्कॅरिफर’ म्हणजे ‘आर धारण करणारा’ हे विशेषण त्यांनीच योजिले. ज्याने जिताडा एकदा तरी गळावरून सोडविला आहे त्यास हे नाव किती यथार्थ आहे हे पटेल. त्याच्या कल्ल्यावरील झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते व तिच्या कोपऱ्यास काटा असतो; त्याने तळहात तर कापतोच, परंतु गळाची दोरीही कापते. गळाच्या विद्येतील निम्म्या युक्त्या या एका पात्यामुळे जन्मास आल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इंग्रजीत यास आशियाई सी-बास म्हणतात. बास हा शब्द इंग्रज लोक इतक्या निरनिराळ्या माशांस लावतात की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडावा. अमेरिकेतील तळ्यानद्यांतला काळा बास, युरोपच्या किनाऱ्यावरचा बास आणि आपला जिताडा हे तिघे एका कुळातले नव्हेत. साम्य आहे ते सवयीत. तिघेही आडोशास दबा धरून बसणारे, तोंड मोठे, आणि भक्ष्य समोरून जाताच ते पाण्यासकट आत ओढून घेणारे. म्हणूनच एकासाठी शोधलेली युक्ती दुसऱ्यास लागू पडते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

जिताड्याचे आयुष्य विलक्षण आहे. तो वाढतो खाडीत, कधी थेट गोड्या पाण्यात. पण अंडी घालण्यास त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातच यावे लागते, आणि हे तो करतो पावसाळ्याच्या दिवसांत. त्याहून मोठे नवल हे की, आरंभी हा मासा नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. पापुआ न्यू गिनी बेटावरील माशांच्या अभ्यासातून ही गोष्ट १९७९ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध करून प्रसिद्ध केली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हातभर लांबीचे जिताडे प्रायः नर, आणि ज्याला पाहून सारा पाखाडीभर बोभाटा होतो तो दहा-बारा किलोचा जिताडा म्हणजे बहुधा मादी. अशी एक थोर मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते.

आता दिवेआगरच्या भूगोलाकडे वळू. या गावाची प्राचीनता सर्वश्रुत आहे. येथे सापडलेला शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठी भाषेच्या अगदी जुन्या लेखांत गणला जातो. गावापुढे सुमारे चार किलोमीटर लांबीची सपाट पुळण, तिच्यामागे सुरूची बने व सुपारीच्या वाड्या. दक्षिणेस भरडखोल हे आपल्या लोकांचे मोठे बंदर. उत्तरेस दिघीजवळ राजपुरीची विस्तीर्ण खाडी, आणि दक्षिणेस हरिहरेश्वराच्या पलीकडे सावित्रीची बाणकोट खाडी. पुळणीवर रापण ओढावी, खोल पाण्यात डोल लावावी. पण खडकांच्या कपारी, कांदळवनाची मुळे आणि खाडीच्या अरुंद वळणांतून जाळे टाकणे म्हणजे जाळे फाडून घेणे. जिताडा नेमका तेथेच राहतो. तेथे गळाला पर्याय नाही.

गळाची सामग्री पूर्वी किती साधी होती! दोरी सुताची किंवा तागाची, घरी वळलेली. ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस काळी करावयाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. तरीही प्रत्येक फेरीनंतर ती सावलीत सुकविलीच पाहिजे; दोन दिवस ओली राहिली तर तिसऱ्या दिवशी मासा दोरीसकट गेलाच म्हणून समजावे. टोकाचा हातभर भाग, जेथे जिताड्याच्या कल्ल्याचे पाते लागते, तो तिहेरी-चौहेरी पिळाचा करीत. गरी गावच्या लोहाराकडून लोखंडी तारेची करून घ्यावयाची. वजनास आधी भोक पाडलेला दगड, मग शिसे. आमिष म्हणून जिवंत कोळंबी, नाहीतर बोयीचे पिल्लू. कोळंबीच्या डोक्यातील काळा ठिपका चुकवून, कवचाखालून गरी अलगद ओवावयाची, म्हणजे ती मरत नाही व पाण्यात उड्या मारीत राहते. मेलेल्या कोळंबीस शिंगाळी येते, जिताडा येत नाही, असे आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे सांगत.

काठी बहुधा नसेच. दोरी तर्जनीवरून सोडलेली असावयाची, आणि सारी विद्या त्या एका बोटात. भरडखोलच्या एका वृद्ध गृहस्थांस आम्ही बालपणी पुष्कळदा पाहिले. ते दगडावर उकिडवे बसून दोरी नुसती धरून ठेवीत नसत. वीतभर उचलीत व सोडून देत, पुन्हा उचलीत, पुन्हा सोडीत. आम्ही विचारले तर म्हणत, ‘‘अरे, निजलेल्या कोळंबीस कोण खातो? ती पळाली पाहिजे, आणि पळता पळता दमून पडली पाहिजे.’’ हे वाक्य वाचकांनी विसरू नये. साता समुद्रांपलीकडे याच एका तत्त्वावर पुढे केवढा मोठा धंदा उभा राहिला ते आम्ही सांगणारच आहो.

आणि वेळ? घड्याळ नसलेल्या आपल्या पूर्वजांचा भरतीचा हिशेब तिथीवर चाले. तिथीचा अंक पाऊणाने गुणावा, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीस आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहा व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीस नऊ. आम्ही शाळेत अपूर्णांकाचा गुणाकार याच उदाहरणाने शिकवीत असू, आणि पाढ्यांस कंटाळणारी आपली मुले हे गणित मात्र तोंडी करीत. सूक्ष्म पाहता दर तिथीस भरती पंचेचाळीस नव्हे, तर सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटे पुढे सरकते. कारण पंधरा तिथींत तिला बारा तासांचा फेरा पुरा करावयाचा असतो. म्हणजे पाऊणाचा हिशेब पौर्णिमा-अमावास्येकडे पाऊण तासाने मागे पडतो. जुन्या माणसांस हे ठाऊक होते. ते उत्तर काढून वर ‘थोडे पुढे’ असे म्हणत. उधाणाच्या दिवसांत खाडीचे पाणी फार ओढीचे व गढूळ, भांगाच्या दिवसांत संथ व निवळ. जिताड्यासाठी पाणी वळण्याच्या वेळा साधाव्या: भरती पूर्ण होऊन ओहोटी लागते तेव्हाचा पहिला तास-दीड तास सर्वांत उत्तम. त्या वेळी कांदळवनात शिरलेली लहान मासळी व कोळंबी पाण्याबरोबर बाहेर निघते आणि जिताडा तिच्या वाटेवर तोंड उघडून बसलेला असतो.

गळाची ही विद्या केवळ आपलीच आहे असा अभिमान मात्र कोणी धरू नये. हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत तांब्याच्या गरी मिळाल्या आहेत, त्यांतील काहींस उलटा काटाही आहे. संस्कृतात गरीस ‘बडिश’ हा जुना शब्द आहे. परंतु या विषयावरचे खरे शास्त्रीय प्रकरण लिहिले ते एका राजाने. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. त्यातील विनोदांच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे वसतिस्थान, त्यांना आधी खाद्य टाकून एका जागी कसे आणावे, काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, गरी कशी असावी, कोणत्या माशास कोणते आमिष, आणि मासा लागल्यावर त्यास कसे खेळवून दमवावे, हे सारे त्यात आले आहे. भारतीय मत्स्यशास्त्रातील थोर विद्वान डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजांस ज्या आपल्या पहिल्या गळशास्त्राचा फार अभिमान वाटतो, तो छापील निबंध १४९६ सालचा. म्हणजे सोमेश्वराच्या नंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी.

एक गोष्ट मात्र आम्हांस त्या प्रकरणाबद्दल जाणवते ती सांगितल्यावाचून राहवत नाही. राजाने हे लिहिले खरे, पण राजास हे शिकविले कोणी? तळ्याकाठी सेवेस उभा असलेला जो कोणी धीवर असेल त्याच्या बोटांतली विद्या राजाच्या लेखणीत उतरली, हे उघड आहे. त्याचे नाव ग्रंथात नाही.

पुढे इंग्रजी अमदानीतही हाच प्रकार झाला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली मंगळुराहून प्रसिद्ध केला. साहेब लोकांत तो घरोघर वाचला गेला. पाठोपाठ १८७५ ते १८७८ या काळात फ्रान्सिस डे यांचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा महाग्रंथ निघाला. कुलाबा व जंजिऱ्याचे गॅझेटिअर १८८३ चे. सोर्ली यांचा मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवरील अहवाल १९३३ चा. या अधिकाऱ्यांचे परिश्रम थोर आहेत. परंतु अहवाल लिहिणाऱ्यांची दृष्टी साहजिकच बंदरे, होड्या व जाळी यांकडे; हौशी साहेबाची दृष्टी स्वतःच्या काठीकडे. खडकावर उकिडवा बसलेला माणूस दोहोंच्या मधून निसटला.

सामग्रीत पालट झाला तो विलायती गरीने. नॉर्वेतील मुस्टाड कंपनीने १८७७ साली यंत्राने गरी करण्यास प्रारंभ केला, आणि कालांतराने तिच्या पोलादी गरी जगभरच्या बाजारांप्रमाणे आपल्याही बाजारात आल्या. गावच्या लोहाराची गरी वाकत असे, ही वाकत नसे; तिचे टोक व उलटा काटा सारख्या मापाचे. मग आला नायलॉन. अमेरिकेत त्याची घोषणा १९३८ साली झाली. आपल्या किनाऱ्यावर तो स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या दशकापासून हळूहळू पसरला. न कुजणारी, पाण्यात न दिसणारी, सुकवावी न लागणारी दोरी! सालीचा काढा उकळण्याची मडकी एका पिढीत अडगळीत गेली. याच काळात जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन होऊन आपण मुंबई राज्याच्या कुलाबा जिल्ह्यात आलो (या जिल्ह्याचे रायगड हे नामकरण १९८१ चे), सहकारी संस्था निघाल्या, होड्यांना इंजिने बसली. कर्जे, अनुदाने, बर्फाचे कारखाने यांचा लाभ आपल्या लोकांस झाला व तो व्हावयासच हवा होता. पण जे काही मिळाले ते जाळ्यास आणि इंजिनास. गळ हे धंद्याचे साधन आहे असे कोणत्याच कागदावर नव्हते. मग त्यास कर्ज कोण देणार?

आता जिगकडे येऊ. अलीकडे दिवेआगरच्या किनाऱ्यावर, विशेषतः टोकाच्या खडकांकडे, मुंबई-पुण्याचे तरुण लांब काठ्या व चाके घेऊन उभे असलेले वाचकांनी पाहिले असतील. त्यांच्या पेटीत जी शिशाचे डोके असलेली रंगीत खेळणी दिसतात त्यांस जिग म्हणतात. इंग्रजीत जिग या शब्दाचा प्रसिद्ध अर्थ एक उडता, थिरकता नाच. हे साधनही पाण्यात नाचते. त्याची रचना अशी: गरीच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो आणि दोरी बांधण्याची कडी त्या गोळ्याच्या वरच्या अंगास असते. त्यामुळे पाण्यात गरी उताणी राहते, म्हणजे तिचे टोक आकाशाकडे असते व ते तळच्या दगडांत वा मुळांत सहसा अडकत नाही. गरीच्या दांड्यावर केस, पिसे किंवा रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा मासा चढवितात. काठी वर उचलली की जिग उडी मारते, ढिली सोडली की डोके खाली करून पडू लागते. मासा बहुधा ती पडत असतानाच घेतो. ‘दमून पडली पाहिजे’, असे जे आमच्या त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले, ते हेच.

शिशाचा मासा करून नाचविण्याची कल्पना उत्तरेकडील थंड समुद्रांतील कॉड माशाच्या धंद्यात फार जुनी आहे. न्यूफाउंडलंडचे मच्छीमार दोन गरींचा शिशाचा मासा, आमिषावाचून, हाताने खालीवर हिसडीत. प्रशांत महासागरातील बेटांवरचे लोक शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांचे खोटे मासे करीत. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडाचा पोहणारा मासा कोरला. अमेरिकेत ओहायो प्रांतातील निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लास्टिकचा गांडूळ केला. तो त्यांनी केला काळ्या बाससाठी, आणि शिशाच्या डोक्यावर असे मऊ आमिष चढविण्याची आजची रीत त्यातून वाढली. पुढे जपानी लोकांनी खोल पाण्यासाठी लांबट धातूच्या जिगांचे शास्त्र बनविले. अमेरिकन तळ्यातील माशासाठी केलेली युक्ती राजपुरीच्या खाडीत चालते याचे कारण वर सांगितले आहे: दोन्ही मासे दबा धरणारे व ओढून गिळणारे.

जिताड्यासाठी जिग वापरावयाची तर काही नियम जाणत्यांनी ठरविलेले आहेत, ते आमच्या तरुण वाचकांसाठी देतो. काठी सात-आठ फुटांची पुरे. दोरी विणलेली, बारीक व ताण न खाणारी असावी, म्हणजे तळचा स्पर्श हातास कळतो. मात्र टोकाशी दीड-दोन हात जाड नायलॉनचा तुकडा हवाच. कल्ल्याचे पाते सोमेश्वराच्या काळी होते तसेच आजही आहे! संथ पाण्यात दहा-पंधरा ग्रॅमचे डोके चालते, ओढीच्या पाण्यात पंचवीस-तीस. जितके हलके घेऊन तळास लागता येईल तितके हलके घ्यावे, कारण सावकाश पडणारी जिग जिताड्यास अधिक आवडते. ती प्रवाहाच्या वरच्या अंगास टाकावी व वाहत वाहत आडोशाजवळ येऊ द्यावी. उचल वीत-दीड वीत, फार नको. सोडताना दोरी अगदी ढिली पडू देऊ नये, नाहीतर मासा तोंडात घेऊन थुंकून देतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लागल्याची खूण म्हणजे बोटास टिचकी मारल्यासारखा एकच ठोका. मासा लागल्यावर तो पहिली धाव मुळांकडे घेतो, तेथे चाकाचा ब्रेक घट्ट हवा. मग तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झाडतो, तेव्हा काठी पाण्याकडे झुकवावी पण दोर ताठ ठेवावा. यातील प्रत्येक गोष्ट आपली जुनी माणसे बोटाने करीत होती. नवे आहे ते शिसे गरीवरच ओतणे, आणि कोळंबीऐवजी प्लास्टिक.

येथवर विद्येचे झाले. पण ज्या पाण्यात ती चालवावयाची त्या पाण्याची कथा फारशी सुखाची नाही.

रायगडच्या खाड्यांकाठी खारबांध घालून भातशेती करणे फार पुरातन. १९४८ च्या खार जमीन कायद्याने व पुढे १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाने सरकारने या कामास हात घातला. बांधात पाणी सोडण्यासाठी जी दारे असतात त्यांस आपण उघाडी म्हणतो. जुनी उघाडी म्हणजे जिताड्याचा दरवाजाच होता. पिल्ले भरतीबरोबर आत जात, पाणथळीत वाढत. थोर मासे ओहोटीस दाराबाहेर वाट पाहत. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी या पिल्लांना धरून घराजवळच्या तळ्यांत वाढविण्याची उत्तम रीत बसविली. जावई आला, पाहुणा आला, की तळ्यातला जिताडा काढावयाचा. कचेरीत अडलेले काम असले की साहेबाच्या घरी जिताडा पोचवावा, असाही एक लौकिक त्या भागात आहे. त्यात माशाची थोरवी किती आणि कचेरीची किती, हे वाचकांनी ठरवावे. परंतु जेथे दारे कायमची बंद झाली किंवा बांध फुटून दुरुस्तच झाले नाहीत, जेथे कांदळवन तुटले, तेथे पिल्लांचे हे पाळणे गेले. सावित्री व कुंडलिका या नद्यांकाठी रासायनिक कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या सांडपाण्याने खाडीतील मासळीवर काय परिणाम झाला ते त्या काठच्या आपल्या बांधवांस विचारावे, आमच्याहून ते अधिक कडू शब्दांत सांगतील.

दुसरीकडे विज्ञानाने एक दार उघडलेही आहे. थायलंडमध्ये १९७० नंतरच्या काळात जिताड्याची पैदास हौदात साधली, आणि चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने ती १९९७ साली भारतात करून दाखविली. महाराष्ट्रात कांदळवन कक्षाच्या योजनेतून खाडीकाठच्या गटांनी पिंजऱ्यांत जिताडा वाढविला आहे. ही गोष्ट चांगली. मात्र पिंजऱ्यातील माशामुळे खाडीतील माशाची काळजी संपली असे मानू नये.

काळजीचे मूळ असे आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधीही आपला कायदा होताच. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ दिल्यावाचून होडी लोटावयाची नाही. इतकेच काय, सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमांस व इतर काही ठराविक दिवशी मासे मारू अगर विकू नयेत अशी आज्ञा आहे. परंतु होड्या पुळणीवर चढल्या म्हणजे गरीब घरची माणसे गळ घेऊन खाडीवर जात, आणि नेमक्या त्याच दिवसांत अंड्यांनी भरलेली मादी खाडीच्या मुखाशी येते. पूर्वी हे खपून गेले. एका बोटावरच्या एका सुती दोरीने खाडी रिकामी होत नसते. आणि ज्या विधवेच्या घरी त्या दिवशी दुसरे काही शिजणार नव्हते तिला बंदीचा उपदेश करण्याचा अधिकार आम्ही कोणास देत नाही. आजची स्थिती निराळी आहे. काठ्या शेकड्यांनी येतात, दोरी तुटत नाही, आणि मोठ्या जिताड्याचे छायाचित्र व दर दोन्ही झटपट मिळतात.

क्वीन्सलंड या ऑस्ट्रेलियन प्रांतात अठ्ठावन्न सेंटिमीटरहून लहान आणि एकशेवीस सेंटिमीटरहून मोठा बारामुंडी ठेवण्यास मनाई आहे. लहान म्हणून पिल्लू सोडावयाचे आणि मोठी म्हणून आई सोडावयाची. आमच्या मते हा दुहेरी नियम आपणही आपल्या खाड्यांपुरता, सरकारी हुकमाची वाट न पाहता, गावकीत ठरवून घ्यावा. थोर मादी सोडण्याने घरास झळ बसेल हे खरे, म्हणून तो नियम प्रथम हौसेने येणाऱ्यांस लावावा आणि पोटासाठी येणाऱ्यांशी बोलून मग त्यांस. उलटा काटा पकडीने दाबून घेतला तर जिगवर लागलेला मासा इजा न होता सुटतो. हात ओले करून, माशास आडवा धरून पाण्यात सोडावा. काही जण म्हणतील की, कोळ्याने लागलेला मासा सोडणे हे अजबच. पण आपल्या वाडवडिलांनी श्रावणापर्यंत सारा दर्या सोडून दिला होता, त्यापुढे एक मासा तो काय?

पाहुण्या हौशी लोकांविषयीही आपल्यात नाराजी ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नाही. दगडांत अडकलेल्या दोऱ्या व टाकलेले प्लास्टिक आपल्याच मुलांच्या पायांत येते. तरी त्यांस हाकलून लावण्यापेक्षा त्यांस वाट दाखविणारा माणूस आपला असावा हे बरे. कोणत्या तिथीस कोणत्या कपारीशी पाणी केव्हा वळते हे त्यांच्या महाग पेटीत मिळत नाही. ते ज्ञान भरडखोल, दिघी, राजपुरीच्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या पंधरा-वीस माणसांजवळ उरले असेल नसेल. पर्यटनाच्या धंद्यात खोली भाड्याने देता येते तसे हे ज्ञानही मोलाने देता येईल, आणि बंदरावर काम नसलेल्या एखाद्या मुलास त्यातून चार पैसे मिळतील. मात्र आधी ते ज्ञान आपल्या मुलांनी त्या वृद्धांपासून घेतले पाहिजे.

या कामी मंडळाच्या चालकांशी आमचे बोलणे झाले आहे. ज्या घरांतून लोहारी गरी, दगडी वजने, शिसे ओतण्याचे साचे, सालीच्या काढ्यात रंगविलेली जुनी दोरी यांपैकी काही शिल्लक असेल त्यांनी ते भंगारात न देता मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. देणाऱ्याच्या घराण्याचे नाव नोंदवून घेतले जाईल. तसेच खडकांची, कपारींची, वळणांची व जुन्या उघाड्यांची जी नावे आपापल्या पाखाडीत चालत आली आहेत ती तिथी व पाण्याच्या वेळांसह साध्या वहीत लिहून पाठवावी. अक्षर कसेही असले तरी चालेल. ती उतरून काढण्याचे काम आम्ही आनंदाने करू. वह्या नारळी पौर्णिमेपूर्वी आल्यास पुढील स्मरणिकेत त्यांची यादी छापता येईल.